पाटीवर ‘समग्र’, घरात पोटदुखी: सात महिन्यांचा अनुभव

पाटीवर ‘समग्र’ हा शब्द दिसला की मी दोन पावलं मागे सरकतो. माझा धंदा लिफ्टच्या दुरुस्तीचा. आमच्यात कुणी ‘समग्र दुरुस्ती करतो’ म्हणाला, तर याला नेमका फॉल्ट सापडलेला नाही असं समजायचं. तरीही ‘मुलं, किशोरवयीन आणि कुटुंबांसाठी माइंडफुलनेसवर आधारित समग्र मानसोपचार’ अशी लांबलचक पाटी असलेल्या एका ठिकाणी आम्ही घरचे चौघं गेले सात महिने जातोय. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे नुसतं लक्ष देणं. त्याबद्दल लिहायला बसलोय. बरंचसं चांगलंच लिहिणार आहे, पण तक्रारीही आहेत.

मुलगा अकरा वर्षांचा. शाळेच्या दिवशी सकाळी पावणेसातला त्याचं पोट दुखायला लागायचं. घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमकं. रविवारी नाही, सुट्टीत नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. मी मनात म्हटलं, नाटक. बालरोगतज्ज्ञांनी मला तिथल्या तिथे गप्प केलं. दुखणं खरं आहे, म्हणाले. आतड्यांचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चाललेली असते, आणि ताण आला की तेच पोट जास्त हळवं होतं. शाळेत जाणाऱ्या वयात अशी ‘फंक्शनल’, म्हणजे तपासणीत काही न सापडणारी, पोटदुखी पुष्कळ मुलांना होते. त्यांनीच थेरपिस्टकडे जायला सांगितलं.

पण आम्ही आधी दुसरीकडेच जाऊन आलो, कारण तिथे लगेच जागा मिळाली. मुलांसाठी ध्यानाचा वर्ग होता. एका हॉलमध्ये वीसेक पोरं, डोळे मिटून वीस मिनिटं हलायचं नाही, ‘मनातले सगळे विचार काढून टाका’. दुसऱ्या दिवशी मुलगा बाहेर आला तेव्हा त्याचे तळवे घामाने ओले होते. गाडीत म्हणाला, “बाबा, डोळे मिटले की फक्त पोटच ऐकू येतं.” मी शिकवणाऱ्यांना हे सांगितलं. सरावाने जमेल, असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही.

ते वाक्य मी नंतर त्या लांब पाटीच्या ठिकाणच्या थेरपिस्ट बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून ते पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. घाबरलेल्या मुलाला सुरुवातीलाच शरीराच्या आत बघायला लावलं तर भीती वाढू शकते, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्यासोबत काही वाईट घडलेलं असतं त्या मुलांच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. म्हणून इथे डोळे उघडे ठेवून सुरुवात झाली. पाय जमिनीला टेकलेत का बघ. बाहेरचे तीन आवाज सांग. बस्स, एवढंच. पोटाचा विषय चौथ्या सेशनला निघाला.

पहिल्या भेटीला मुलाला आणायचंच नव्हतं. फक्त आई-बाबा, सव्वा तास. त्याआधी भरायचा फॉर्म इतका लांब की मी अर्धा बायकोवर सोडला. झोप किती, मोबाइल कुठे ठेवतो, बाळंतपण कसं झालं, घरात आवाज कुणाचा चढतो, गेल्या दोन वर्षांत कुणी गेलं का, घर किंवा शाळा बदलली का. मधेच मला प्रश्न आला, “तुमचं पोट कधी दुखतं?” मी म्हटलं, कधीच नाही. बायको हसायलाच लागली. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये अँटासिडची बाटली कायम असते, हे तिने लगेच सांगून टाकलं. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. तिथेच मला कळलं की इथे सर्व्हिसिंगला एकटा मुलगा आलेला नाही.

त्यांचं शिक्षण मी सरळ विचारलं. तुम्हीही विचारा, लाजू नका. माइंडफुलनेसचं चार दिवसांचं शिबिर केलेला माणूस आणि मुलांच्या मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस यांत फरक आहे, आणि बाहेरच्या पाटीवरून तो कळत नाही. बाईंनी न चिडता सगळं सांगितलं: शिक्षण काय, अजून कुणाकडे केस दाखवून सल्ला घेतात, औषधं त्या देत नाहीत आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, त्यामुळे मी थोडा सैल झालो. हे माइंडफुलनेसचं प्रकरण दवाखान्यात आलं तेच दुखण्यावरून. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्याला कंटाळलेल्या पेशंटांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानातली लक्ष देण्याची रीत घेतली, धर्माचा भाग बाजूला ठेवला. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या नैराश्यासाठी विचारांवरच्या थेरपीशी जोडली. मुलांपर्यंत ती त्यानंतर आली, आणि येताना मिनिटं कमी झाली, खेळ वाढले. लगेच बाईंनी दुसरी बाजूही सांगितली. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल २०२२ मध्ये आले. शिक्षकांनी अख्ख्या वर्गाला माइंडफुलनेस शिकवून मुलांच्या मनःस्थितीत नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. “म्हणून मी हे सरसकट कुणाच्या माथी मारत नाही,” म्हणाल्या. स्वतःच्या मालाचा कच्चा भाग स्वतःहून दाखवणारा दुकानदार मला आवडतो.

न आवडलेली गोष्ट म्हणजे गुपित. मुलगा आत जे बोलेल ते आत राहील. तो स्वतःला इजा करण्याचं बोलला, दुसऱ्या कुणाला करण्याचं बोलला, किंवा त्याला कुणी त्रास देतंय असं कळलं, तरच आम्हाला सांगणार. मी म्हटलं, मी बाप आहे. त्या म्हणाल्या, “म्हणूनच.” पहिले दोन महिने हे ‘म्हणूनच’ मला पचलं नव्हतं. बाहेर बाकावर बसून दाराकडे बघत राहायचो.

आतल्या गोष्टी कळल्या त्या मुलाने स्वतः दाखवल्या तेवढ्याच. दुसऱ्या सेशननंतर तो एक कागद घेऊन आला. रेघोट्यांचा खेळ होता. एकाने डोळे मिटून कागदावर कशीही रेघ मारायची, दुसऱ्याने तिचं चित्र करायचं, मग उलट. विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाचा हा खेळ, तो मानसविश्लेषकही होता. त्याच्या रेघोट्यांवर मुलं बोलायला लागायची म्हणे. माझ्या मुलाने बाईंच्या रेघेची लिफ्ट केली होती, दोन मजल्यांच्या मधे अडकलेली. वर मशीनरूममधून एक माणूस वाकून बघतोय. मी विचारलं, “आत कोण आहे रे?” म्हणाला, “कोणीच नाही. बाबा उगाच बघतायत.” तो कागद फ्रिजवर आहे अजून.

श्वासाचं तर विचारू नका. पोटावर वाळूची छोटी पिशवी ठेवून झोपायचं आणि ती वर-खाली होताना बघायची. श्वास सोडायचा तो घेतल्यापेक्षा लांब. त्याचं कारण शरीराचं आहे. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नर्व्हमार्फत हृदयाची गती जरा उतरते, आणि धोका टळल्याची खूण शरीराला मिळते. पण ‘पोटात फुगा आहे असं समज’ हे त्याला अजिबात रुचलं नाही. फुगे लहान मुलांचे, म्हणाला. मग त्याने स्वतःच काढलं: तीन मजले वर, पाच मजले खाली. तीन आकड्यांत श्वास आत, पाच आकड्यांत बाहेर, आणि तळमजल्याला पोचलं की दार उघडायचं. बाईंनी फुगा त्या मिनिटाला सोडून दिला. त्या ध्यानाच्या वर्गवाल्यांनी सोडला असता का? शंका आहे.

लिफ्टचा विषय निघाला तेव्हा मीही एकदा माझं ज्ञान पाजळलं. आमच्याकडे सेफ्टी सर्किट असतं. प्रत्येक मजल्याच्या दाराचं लॉक एकामागोमाग एक जोडलेलं. एका दाराचा कॉन्टॅक्ट नीट बसला नाही तरी लिफ्ट हलत नाही. लोक ओरडतात, लिफ्ट बिघडली. ती बिघडलेली नसते, नियमाप्रमाणे थांबलेली असते. वाईट मेकॅनिक काय करतो, तर तिथे वायरचा तुकडा लावून जंपर मारतो. लिफ्ट चालू, गिऱ्हाईक खूश, आणि एक दिवस दार उघडं असताना लिफ्ट निघते. हे सांगतानाच माझ्या लक्षात आलं की मी रोज सकाळी ‘काही होत नाही, चल, बूट घाल’ म्हणत पोराला जंपरच मारत होतो. बाई काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, “म्हणजे माझं डोअर लॉक जास्त सेन्सिटिव्ह आहे.” त्यावर आम्ही तिघंही हसलो.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट मात्र श्वासाची नाही. दोन आकड्यांची आहे. सकाळी एका वहीत दोन नंबर लिहायचे, शून्य ते दहा: पोट किती दुखतंय आणि ते दुखणं वाढेल याची भीती किती. पहिल्या आठवड्याचं पान माझ्यासमोर आहे. सोमवार, दुखणं ४, भीती ८. मंगळवार, ३ आणि ८. बुधवार, ५ आणि ९. आम्ही इतके महिने दुखण्याच्या मागे लागलो होतो, आणि मोठा आकडा दुसरीकडेच बसला होता. दुखणं कुठे आहे, केवढं आहे, त्याला कडा आहेत का, ते सरकतं का, हे तो बघायला शिकला. ‘पळवून लाव’ असं त्याला कुणी सांगितलं नाही. नुसतं बघ. बघता बघता चाराचं तीन व्हायचं, कधी नाहीही व्हायचं.

शाळेत परत जाण्याचं काम पायरी पायरीने झालं. आधी फाटकापर्यंत. मग पहिले दोन तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. यात माइंडफुलनेस फारसं नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे थोडं थोडं जायचं, ही थेरपीतली जुनी आणि चांगली तपासलेली पद्धत आहे. बाईंनीच तसं सांगितलं. पाटीवरच्या शब्दाला श्रेय देऊन मोकळ्या झाल्या नाहीत. या पायऱ्या चढतानाच कळलं की त्याला भीती आहे ती वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायची. एकदा अडखळला होता, मुलं हसली होती. महिनाभर हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

आता ती सहावी भेट. घरचे सगळे. मी, बायको, मुलगा आणि पंधरा वर्षांची थोरली. थोरली कानात इअरफोन घालून आली होती, तो काढायला कुणी सांगितलं नाही. मधे एक गुळगुळीत दगड. ज्याच्या हातात दगड तो बोलणार. उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, त्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच पुढे. मला हे पोरकट वाटत होतं. दोन मिनिटांत लक्षात आलं की बायकोचं एकही वाक्य मला पहिल्या फटक्यात बरोबर परत सांगता येत नाहीये. ती म्हणाली होती, “सकाळी मला एकटीला ठरवावं लागतं.” मी परत सांगितलं, “तुला वाटतं मी मदत करत नाही.” ती म्हणाली, बरोबर नाही. तीनदा.

मग दगड थोरलीकडे गेला. तिने तो या हातातून त्या हातात केला. एक इअरफोन काढला. म्हणाली, “त्याचं पोट दुखतं त्या दिवशी बाबा उशिरा कामावर जातात. आणि तुम्ही दोघं भांडत नाही.”

मी तोंड उघडलं, “म्हणजे मी...” बाईंनी बोटाने नुसता दगड दाखवला. तो माझ्याकडे नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मी बघत होतो, जवळजवळ पाऊण फेरी झाली. कुणी बोललं नाही, बाईसुद्धा नाहीत. दुसरं कुणी असतं तर तेवढ्या वेळात ‘बघा, मुलं आपला आरसा असतात’ छापाचं काहीतरी बोलून गेलं असतं. मुलगा सतरंजीची दशी ओढत होता. मग मी हात पुढे केला, थोरलीने दगड दिला, आणि मी तिचं वाक्य तिला परत सांगितलं. जसंच्या तसं. ती म्हणाली, “बरोबर.”

नंतर मी बाईंना एकट्याने गाठून विचारलं की मग खरं कारण कुठलं, वाचनाची भीती की आमची भांडणं? त्या म्हणाल्या, दोन्ही असेल, आणखीही काही असेल. माझ्यासारख्या माणसाला हे उत्तर छळतं. फॉल्ट एक असावा, पार्ट नंबर असावा. पण गृहपाठ मात्र नेमका मिळाला, आणि तो मला. आठवडाभर ‘पोट कसंय?’ विचारायचं नाही. त्याऐवजी सकाळी दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याच्याजवळ बसायचं, पोट दुखो वा न दुखो. तिसऱ्याच दिवशी मी विचारून बसलो. सवय. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही नापास.” दुसऱ्या आठवड्यात जमलं. आम्ही दोघं बूट पुसायचो. अर्धा वेळ काही बोलणंच व्हायचं नाही.

थोरलीच्या दोन भेटी वेगळ्या झाल्या. श्वासबिस मला नको, असं तिने पहिल्याच मिनिटाला सांगितलं, आणि बाईंनी ते मान्य केलं. पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही. तिसरी भेट तिने स्वतः मागून घेतली, एवढं माहीत आहे.

तक्रारी. घरी ऐकायला जी रेकॉर्डिंग देतात ती असह्य आहेत. मागे बासरी, धबधबा, आणि ‘तुझ्या अंतरीच्या प्रकाशाला हळुवार स्पर्श कर’. मुलगा ते ऐकून लोळून लोळून हसला. झोप लागली, पण हसून दमल्यामुळे. अकरा वर्षांच्या मुलाशी असं कोण बोलतं? समोरासमोर इतक्या सरळ बोलणाऱ्या बाईंच्या रेकॉर्डिंगमध्ये ही साखर कुठून आली कळत नाही. दुसरं, वेळ. तीनदा वीस-पंचवीस मिनिटं ताटकळलो, तीही शाळा सुटल्यावर दमलेल्या पोराला घेऊन. तिसरं, शाळेला द्यायचं पत्र मागून तीन आठवडे लागले. पायऱ्या पायऱ्यांनी शाळेत पाठवायचं तर शाळेला ते आधी कळायला नको का? चौथं, खोलीचं दार. त्यावर येतोच.

फरक किती पडला? आधी आठवड्याला दोन-तीन दिवस शाळा बुडायची. गेल्या दोन महिन्यांत मिळून तीन दिवस. चौदा सेशन झाली, आता महिन्यातून एकदा जातो. चाचणीच्या सकाळी पोट अजून दुखतं. वहीत ५ आणि ४ लिहून तो जातो. वर्गात मोठ्याने वाचलं का, हे मी विचारलेलं नाही.

तुम्ही कुठेही जा, आधी फोनवर एक प्रश्न विचारा: मुलाने डोळे मिटायला नकार दिला तर तुम्ही काय करता? उत्तर ‘हळूहळू सवय होईल’ असं आलं तर दुसरं ठिकाण बघा. आई-बापांना किती वेळा बोलावता, हेही विचारा. शून्य म्हणाले तर माझ्या मते अर्धं काम होणारच नाही. आणि मूल मरण्याचं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, जेवण तोडलं असेल, तर श्वासाचे खेळ शोधत बसू नका, तडक डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हेही मला त्या बाईंनीच पहिल्या भेटीत बजावून सांगितलं होतं.

‘समग्र’ म्हणजे काय, हे शेवटी एकदा विचारलंच. म्हणाल्या, “मी एकट्या पोटाला विचारत नाही. झोपेला विचारते, शाळेला विचारते, तुम्हाला विचारते.” मग हेच पाटीवर लिहा ना, म्हटलं. हसल्या. पाटी तीच आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो दाराचा. त्या खोलीच्या दाराचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप हळू बंद करणारा वरचा दांडा, ढिला होता. शांत बसलेल्या मुलांच्या मागे दर वेळी ते धाडकन आपटायचं आणि माझा मुलगा दचकायचा. पाचव्या भेटीला मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो आणि बाईंना विचारून वेग कमी करायचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. आता दार लोण्यासारखं बंद होतं. पण फळी पातळ आहे. बाहेरच्या बाकावर आतलं हसणं ऐकू येतं, त्याला स्क्रू नाही. गेल्या वेळेपासून मी जिन्यात जाऊन बसतो.